पंधरा दिवसांची नोटीस

१ जानेवारी १८९३ या दिवशी मुंबई इलाख्याला मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा लागू झाला. कायदा १८८२ सालचा, पण मुंबईपर्यंत पोचायला त्याला आणखी दहा वर्षं लागली. त्यातलं १०६ वं कलम अवघ्या काही ओळींचं. मालक आणि भाडेकरू यांच्यात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर शेतीची किंवा कारखान्याची जागा वर्षाच्या बोलीने दिली आहे असं मानायचं आणि ती सोडवायला सहा महिन्यांची नोटीस द्यायची. बाकी सगळ्या जागा महिन्याच्या बोलीने, आणि त्यांना पंधरा दिवस. माणसं राहतात ती घरं या ‘बाकी सगळ्या’त मोडत. म्हणजे यंत्रं हलवायला सहा महिने आणि संसार हलवायला पंधरा दिवस. मुंबईतल्या मालक-भाडेकरू झगड्याची मुळं मला या कलमात दिसतात.

नोटिशीत कारण द्यायचं बंधन नव्हतं. भाडेकरू वेळेवर भाडं भरतो की नाही, त्याच्या घरात आजारी माणूस आहे की बाळंतीण, यातलं काहीच कायदा विचारत नव्हता. नोटीस लेखी हवी, तिच्यावर मालकाची किंवा त्याच्या वतीने कुणाची सही हवी, ती भाडेकरूच्या हातात, नाहीतर घरातल्या माणसाच्या किंवा नोकराच्या हातात द्यायची, आणि तेही जमलं नाही तर दर्शनी भागी चिकटवायची. एवढं झालं की पंधरा दिवसांनी मालकाला जागा परत मागता येत होती.

त्या वेळी मुंबईत बहुसंख्य कष्टकरी एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत. लेखी भाडेकरार क्वचित. महिन्याला भाडं आणि त्याची पावती, एवढाच काय तो व्यवहार. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग दिसला. साथीपाठोपाठ १८९८ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट उभा राहिला आणि दाटीवाटीच्या वस्त्या पाडून रस्ते काढले जाऊ लागले. रस्ते झाले, हवा खेळू लागली. पण पाडलेल्या खोल्यांमधले लोक उरलेल्या खोल्यांमध्ये शिरले. गिरण्या वाढत होत्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं येतच होती. १९११ साली शहराची वस्ती पावणेदहा लाखांच्या आसपास होती, १९२१ साली ती पावणेबारा लाखांवर गेली. मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. बांधकामाचं सामान महागलं, नवी घरं थांबली आणि भाडी चढली.

भाडं वाढवण्यासाठी मालकाच्या हाती साधन होतं ते याच नोटिशीचं. वाढीव भाडं द्या, नाहीतर पंधरा दिवसांत खोली सोडा. दुसऱ्या भाडेकरूंची रांग दाराशी उभी असायची, त्यामुळे ही धमकी पोकळ नसे. त्याच सुमाराला तिकडे स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या बायकांनी भाडेबंदीचा लढा उभारला होता. मेरी बार्बर आणि तिच्या शेजारणी घर रिकामं करायला आलेल्या अंमलदारांना दारातूनच परत पाठवत. त्या लढ्यानंतर १९१५ साली ब्रिटिश संसदेने भाडेवाढ आणि घरातून काढणं, दोन्हींवर निर्बंध घातले. युद्धकाळात सरकार भाड्यात हात घालू शकतं हे एकदा मान्य झालं आणि १९१८ साली मुंबईत तसा कायदा आला. हिंदुस्थानातला हा पहिला भाडेनियंत्रण कायदा.

त्याचं महत्त्व भाडं गोठवण्यात होतंच, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. ठरलेलं भाडं देणाऱ्या माणसाला केवळ नोटीस दिली म्हणून बाहेर काढता येणार नाही, हे कायद्याने पहिल्यांदा म्हटलं. काढायचं तर कायद्यात बसणारं कारण हवं, आणि ते न्यायालयाला पटायला हवं.

हा दिलासा तात्पुरता ठरला. युद्धकाळासाठी केलेले निर्बंध विशीच्या दशकात उठले आणि पंधरा दिवसांची नोटीस पुन्हा पूर्वीसारखी चालू लागली. त्यानंतर १९३९ साली, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, कमी भाड्याच्या बिऱ्हाडांपुरता नवा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, गव्हर्नरांच्या कारभारात त्याला आणखी एका कायद्याची जोड मिळाली. मग फाळणी झाली, निर्वासित आले, आणि हे सगळं एकत्र करून १९४७ चा ५७ वा कायदा तयार झाला. १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो अमलात आला. मुंबईकर ज्याला नुसतं ‘रेंट अ‍ॅक्ट’ म्हणतात तो हाच. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच सर्वसाधारणपणे ‘प्रमाण भाडं’ धरायचं, असं त्यात ठरलं. हा कायदासुद्धा थोड्या वर्षांसाठीच होता. मुदत संपत आली की ती वाढवायची, असं करत करत तो अर्धं शतक टिकला.

या कायद्यात नोटिशीचा अर्थच पालटला. बाराव्या कलमाप्रमाणे थकलेल्या भाड्यासाठी दावा लावण्याआधी मालकाने लेखी मागणी करायची आणि ती पोचल्यावर एक महिना थांबायचं. पूर्वीची नोटीस ‘जा’ म्हणत असे. ही म्हणू लागली की इतकं भाडं बाकी आहे, भर आणि राहा. मात्र त्यातच एक धारदार पोटकलम होतं. भाडं महिन्याचं आहे, प्रमाण भाड्याबद्दल तंटा नाही, थकबाकी सहा महिन्यांची किंवा त्याहून जास्त आहे आणि नोटीस मिळून महिना उलटला तरी पैसे भरलेले नाहीत, असं सगळं जुळून आलं की घर हातचं गेलंच म्हणून समजायचं. यातली एखादी गोष्ट जरी जुळत नसेल, तर दाव्याच्या पहिल्या तारखेला सगळी बाकी भरून भाडेकरू घर वाचवू शकत असे.

म्हणून त्या एका महिन्याला फार किंमत आली. नोटिशीचा लिफाफा हाती पडला की जाणता भाडेकरू तडक वकिलाकडे जायचा. वकील आधी थकबाकीचे महिने मोजायचा आणि मग बहुधा प्रमाण भाडं ठरवून मागणारा अर्ज महिन्याच्या आत दाखल करायचा, कारण भाड्याबद्दल तंटा उभा राहिला की ते धारदार पोटकलम लागू होत नसे. हा तंटा नोटिशीनंतरच्या महिन्याभरातच उभा केला पाहिजे, उशिरा केलेला चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली पक्कं केलं. ज्याला वकील माहीत नव्हता, जो गावी भात लावायला गेला होता, ज्याची म्हातारी आई लिफाफा देव्हाऱ्यात ठेवून विसरली, त्याचा महिना तसाच निघून जायचा.

चाळीतल्या लोकांनी या कायद्यापासून एक गोष्ट मात्र चांगली आत्मसात केली. मालक भाडं घ्यायला नाकारू लागला की मनीऑर्डर करायची. मालक ती परत पाठवायचा, कारण नोटिशीनंतर भाडं स्वीकारलं तर नोटीस मागे घेतल्यासारखं होईल अशी धास्ती १८८२ च्या कायद्यातच होती. घेतलंच तर पावतीवर ‘हक्क अबाधित ठेवून’ असा शेरा मारायचा. परत आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या महिन्यामागून महिना दोऱ्यात ओवून ठेवलेल्या असत. रेशनकार्डाइतकंच त्यांना घरात जपलं जाई, कारण ‘मी भाडं द्यायला तयार होतो’ याचा तोच एक पुरावा होता.

आता मालकाची बाजू. थकबाकी हे एक कारण झालं. तेराव्या कलमात आणखी बरीच कारणं होती. परवानगीवाचून पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू ठेवणं, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने जागा विनाकारण बंद ठेवणं, मालकाला स्वतःला जागेची खरीखुरी गरज असणं. या शेवटच्या कारणासाठी तर न्यायालय दोन्ही घरांकडे पाहून कुणाची अडचण जास्त आहे हे तोलत असे. पण या साऱ्याच्या आधी एक प्रश्न उभा राहायचा: जुन्या कलमाखालची पंधरा दिवसांची नोटीस दिली होती का, आणि ती बिनचूक होती का? १९६२ साली मुंबईच्या याच कायद्याखालच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की आधी भाडेपट्टा रीतसर संपवला पाहिजे, त्यानंतरच दावा.

बिनचूक म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. खोली १ तारखेपासून महिन्याच्या बोलीने घेतली आहे. मालकाची नोटीस २० एप्रिलला पोचली आणि तिच्यात लिहिलंय की पंधरा दिवसांत, म्हणजे ५ मेपर्यंत, जागा खाली करा. ही नोटीस फुकट गेली. कारण कलमाची अट नुसत्या पंधरा दिवसांची नव्हती. ती मुदत भाड्याचा महिना जिथे संपतो तिथेच संपायला हवी होती. इथे ३१ मेपर्यंत वेळ द्यायला हवा होता. खोली मुळात ५ तारखेला घेतली असेल तर महिना ४ तारखेला संपणार. ती नेमकी कधी घेतली हे वडिलांच्या काळातल्या पावतीवर असायचं, आणि पावती वाळवीने खाल्लेली. भाड्याचा महिना इंग्रजी धरायचा की पंचांगाचा, यावरसुद्धा देशभर वाद झाले आहेत. अशा चुकीने दावा पडला की मालकाने पुन्हा नवी नोटीस काढायची आणि नवा दावा लावायचा.

वकिलांनी यावर एक सर्वसमावेशक वाक्य शोधून काढलं. अमुक तारखेअखेर, किंवा ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांनंतर आपला भाड्याचा जो महिना प्रथम संपेल त्या महिन्याअखेर, सदर जागेचा खाली व शांततापूर्ण कब्जा आमच्या अशिलांच्या स्वाधीन करावा. जुन्या फायली चाळल्या तर वाक्यरचना हीच दिसते, मग नोटीस मुंबईची असो वा पुण्याची. एका तारखेच्या चुकीने वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून ते वाक्य असं लांबलं होतं.

तारखेचा तिढा सुटला तर पोचवण्याचा तिढा. रजिस्टर टपालाने पाठवलेला लिफाफा ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्यानिशी परत आला, तर नोटीस पोचली असं धरायचं का? मुंबई उच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात एका खटल्यात म्हटलं की भाडेकरूने शपथेवर ‘पोस्टमन माझ्याकडे आलाच नाही’ असं सांगितलं, तर नुसत्या शेऱ्यावर भागणार नाही. मग पोस्टमनला साक्षीला बोलवायचं. रोज शेकडो पत्रं वाटणाऱ्या त्या माणसाने काही वर्षांपूर्वी एका दारात काय घडलं ते आठवून सांगायचं. दर वेळी पोस्टमन उभा करायलाच हवा असं नाही, हे १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितल्यावर हा ताण थोडा सैल झाला.

मुंबईत धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, ज्याला लोक स्मॉल कॉज म्हणतात, या विषयांवर पिढ्यानपिढ्या युक्तिवाद झाले. भाडेकरूंच्या वकिलांना मी दोष देत नाही. अशिलाचं छप्पर वाचवणं हे त्यांचं कामच होतं. पण खरा प्रश्न, म्हणजे या कुटुंबाने इथे राहावं की नाही, हा मागे पडत गेला आणि कागदाची तारीख पुढे आली. यात मालकाचा वेळ गेला आणि भाडेकरूची उमेदीची वर्षं डोक्यावर टांगलेल्या दाव्याखाली गेली.

एकाच महाराष्ट्रात नोटिशीची रीत मात्र एक नव्हती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश चालत होता. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे नागपूरच्या किंवा अमरावतीच्या मालकाला नोटीस देण्यासाठीच आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे. कारण पटवायचं ते तिथे. परवानगी हाती आल्यावर नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी दावा. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा होता आणि त्याची घडण पुन्हा निराळी. मला विदर्भाची रीत मुळात जास्त माणुसकीची वाटते. तिथे नोटीस दारात येण्याच्या आधी कुणीतरी मालकाला ‘का?’ असं विचारत होतं. मुंबईत नोटीस आधी यायची आणि ‘का?’ हा प्रश्न पुढे कधीतरी न्यायालयात निघायचा.

१९७९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने पंधरा दिवसांच्या नोटिशीचा हा गुंता एका घावात तोडला. निकालपत्र न्यायमूर्ती उंटवालिया यांनी लिहिलं. राज्याच्या भाडे कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिलं आहे आणि त्याच कायद्यातलं कारण सिद्ध करूनच त्याला काढायचं आहे, तर वेगळी १०६ व्या कलमाची नोटीस मागण्यात अर्थ काय, असा त्याचा सूर होता. ती नोटीस दिली नाही म्हणून दावा पडणार नाही. थकबाकीची महिन्याची मागणी-नोटीस अर्थातच राहिली, कारण ती भाडे कायद्याचीच होती. पुढे २००२ च्या अखेरीस संसदेने १०६ वं कलमही दुरुस्त केलं. महिनाअखेरीची अट गेली, पंधरा दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजायचे ठरले, आणि मुदत लिहिण्यात चूक झाली तरी दावा योग्य मुदतीनंतर लावला असेल तर नोटीस चालेल, असं झालं.

या सगळ्या काळात घरांचं काय होत होतं? १९४० च्या भाड्यावर मालक दुरुस्ती करेना, इमारती खचू लागल्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळासाठी कायदा करून उपकर बसवावा लागला. तेव्हा उपकर लागू झालेल्या १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. कायदेशीर भाडं नाममात्र, म्हणून खोली देताना पागडी रोखीने घेतली जाई, आणि ती घेणं गुन्हा होता. नोटिशीने काही साधत नाही असं दिसल्यावर काही मालकांनी पाणी तोडायला, जिन्याचा दिवा काढायला सुरुवात केली. ते रोखायला कायद्यात वेगळं कलम होतं आणि ते वापरावं लागे. दुसरीकडे, आयुष्यभराच्या पुंजीतून चार खोल्या बांधलेली विधवा किंवा निवृत्त शिक्षक हेही मालकच होते. मुलाचं लग्न झालं, खोली हवी, म्हणून त्यांनी लावलेला दावा नातू शाळेत जाऊ लागला तरी चालूच असे. त्यांच्यावर अन्याय झाला हे भाडेकरूंच्या कैवाऱ्यांनीही मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

मालकांनी वेगळी वाट काढली: ‘लीव्ह अँड लायसन्स’. भाडेकरू म्हणायचंच नाही; परवानाधारक म्हणायचं. भाडेकरू नाही म्हणजे भाडे कायदा नाही आणि त्याची नोटीसही नाही. विधिमंडळाने १९७३ साली दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता त्या सर्वांना संरक्षित भाडेकरू ठरवलं. त्या तारखेला जे आत होते ते वाचले. त्यानंतर मात्र असंख्य मालकांनी घर भाड्याने देण्याचंच सोडून दिलं आणि फ्लॅटला कुलूप घालून ठेवणं पसंत केलं.

१९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मलपे खटल्यात निकाल दिला. १९४० च्या पातळीवर भाडं गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. कायद्याची मुदत मार्च १९९८ अखेर संपत होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून त्या तरतुदी लगेच रद्द केल्या नाहीत. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा पहिल्यांदाच एका कायद्याखाली आले. पागडी कायदेशीर झाली. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करता येऊ लागली.

आणि थकबाकीच्या नोटिशीची मुदत एका महिन्यावरून नव्वद दिवस झाली. नोटिशीनंतर नव्वद दिवस दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने बाकी, तिच्यावर पंधरा टक्के व्याज आणि खर्च भरला तर त्याला काढता येत नाही. मला हा मधला मार्ग न्याय्य वाटतो. मालकाला पैसे व्याजासह मिळतात आणि नोकरी गेलेल्या, आजारपणात बुडालेल्या घराला सावरायला एक पूर्ण हंगाम मिळतो. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या मात्र या कायद्याबाहेर ठेवल्या आहेत. त्यांना ते जुनं पंधरा दिवसांचंच कलम लागू आहे.

पण हे नव्वद दिवस आज कुणाला मिळतात? जुन्या भाडेकरूंना. नव्याने घर भाड्याने घेणारा, पुण्यात नोकरीला आलेला मुलगा, ठाण्यात बदली होऊन आलेलं जोडपं, यांच्या हातात असतो अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. त्यांना लागू होतं ते नव्या कायद्याचं २४ वं कलम. मुदत संपली की जागा सोडायची. त्यासाठी मालकाने नोटीस द्यावी असं कायदा म्हणत नाही. सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागितली नाही तर बेदखलीचा आदेश निघतो, आणि जास्त राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क भरावं लागतं. लेखी करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. मला तोंडी वेगळं सांगितलं होतं, हे तिथे चालत नाही.

म्हणून सही करण्याआधी करारातलं नोटिशीचं कलम वाचा. मुदतीच्या आत घर सोडायला सांगायचं असेल तर किती दिवस आधी, लेखी की तोंडी, दोघांनाही सारखीच मुदत की मालकाला एक आणि तुम्हाला दुसरी, हे त्यातच ठरतं. पंधरा दिवस लिहिले असतील तर महिना मागा, महिना असेल तर दोन मागा, आणि करार नोंदवून घ्या. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे.